बावीस वर्षांचा थोरला भाऊ

एक दिवसही फौजेत न जाता जन्मभर फौजेतून सुटका न झालेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे आतोबा. माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. त्यांचं नाव सांगून काही उपयोग नाही, कारण पनवेलमध्ये ते नावानं कुणालाच ठाऊक नाहीत. खांदा कॉलनीत ‘मेजरसाहेब कुठं राहतात’ असं विचारलंत तर भाजीवालासुद्धा बिल्डिंग दाखवतो, वर लिफ्ट बंद असल्याचंही सांगतो. वास्तविक आतोबांची सगळी नोकरी सरकारी गोदामात तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्या लावून घेण्यात गेली. बंदूक त्यांनी आयुष्यात एकदाच हातात धरली, ती आपट्याच्या जत्रेत फुगे फोडायला. आणि आत्याचं म्हणणं असं की तेव्हाही फुगा फुटला नाही, फुगेवालाच तेवढा घाबरून खाली बसला.

पण थाट असा की खरा मेजर शेजारी उभा राहिला तर लोकांनी त्याला आतोबांचा ड्रायव्हर समजावं. पहाटे उठून स्वतःच्या चादरीची घडी अशी घालायची की ती पुन्हा उलगडायला आत्याला जीव होऊ नये. बूट रोज पॉलिश, मग बाहेर जायचं असो वा नसो. दूधवाल्यानं पिशवी दाराच्या कडीला वाकडी अडकवली तर सरळ करून मगच आत न्यायची. पार्किंगमधल्या सगळ्यांच्या स्कूटर एका रेषेत लावून घ्यायच्या, आणि शेवटची स्कूटर सरळ झाली की दोन पावलं मागं येऊन मिशीवरून हात फिरवायचा. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून दोन सभासद बाह्या सरसावून उठले, तेवढ्यात मागून आतोबांचा आवाज आला, “बसा!” दोघंही मटकन खाली बसले, आणि पाण्याचं भांडण त्या दिवशी मिटलं ते मिटलंच. घरी येताना आतोबा मला हळूच म्हणाले, “अरे, मी तुझ्या आत्याला म्हणत होतो. तिच्याजवळची खुर्ची रिकामी झाली होती.”

खोटं मात्र ते कधी बोलले नाहीत. फक्त दुसऱ्यांचं खोटं त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाले, “मी कुठं म्हणतो मी फौजी आहे? आमच्या घरात फौज आहे, एवढंच म्हणतो. पुढचं लोक आपलं आपण ऐकतात.”

ते मात्र खरं होतं. त्यांचे आजोबा पलटणीत होते, वडील सुभेदार होऊन आपट्याला परतले, आणि थोरला भाऊ, ज्याला सगळं घर दादा म्हणायचं, तो बाविसाव्या वर्षी सरहद्दीवर बर्फात गेला. गेला तो गेलाच; घरी निरोप आला, माणूस आला नाही. आतोबा तेव्हा शाळेत होते. मोठे झाल्यावर तेही भरतीला गेले. तिथल्या डॉक्टरनं त्यांना ओले पाय करून फरशीवर उभं केलं, तर पाऊल सबंध उमटलं, मधे कुठं कमान म्हणून नाही. “सपाट तळवे. नेक्स्ट!” एवढ्यावर तीन पिढ्यांची फौज संपली. आतोबा घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिशी ठेवली.

हॉलमध्ये दादाचा फोटो होता. बाहेर पडताना आतोबा त्याच्यासमोर टाच जुळवायचे आणि म्हणायचे, “दादा, येतो.” आम्ही मुलं हे लहानपणापासून पाहत आलो होतो, म्हणून त्यात काही वावगं वाटलं नाही. पण वर्षं गेली, आतोबांचे केस गेले, दात गेले, आणि फोटोतला दादा तेवढाच राहिला. गणवेश त्याला जरा सैल होत होता, ओठावर धड मिसरूड नव्हती. साठी ओलांडलेला माणूस नातवाच्या वयाच्या पोराला खाली मान घालून दादा म्हणतो, हे काय आहे, याचा विचार मी पहिल्यांदा केला तो महापालिकेच्या निवडणुकीत.

निवडणुकीचं खूळ आतोबांचं नव्हे. एका पक्षाचे स्थानिक अध्यक्ष एका सकाळी घरी आले. पांढरे बूट, दोन फोन, आणि दोन्ही फोनवर आळीपाळीनं ‘पोचतोच’ म्हणण्याची सवय. सोफ्यावर टेकण्याआधीच त्यांची नजर फोटोवर गेली आणि तिथून हलेना. “मेजरसाहेब, आमच्याकडे उमेदवार ढीगभर आहेत,” ते म्हणाले, “पण लोक हल्ली कुणाचं खरंच मानत नाहीत हो. ज्याच्या घरात शहीद आहे त्याचं मानतात. तुम्ही नुसते उभे राहा, बाकीचं आम्ही बघतो.” आत्या चहा देता देता म्हणाली, “हे कुठं उभे राहणार? यांचे तळवे सपाट आहेत.” अध्यक्ष मोठ्यांदा हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

माझं पनवेलला फ्लेक्स छापायचं दुकान, त्यामुळे बॅनरचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी म्हटलं, सैन्याचे फोटो प्रचाराला वापरायची मनाई असते. अध्यक्ष म्हणाले, “सैन्याचा कुठं? भावाचा फोटो आहे. भावाच्या फोटोला कोण अडवणार?” तर तो एकुलता एक फोटो मी फ्रेममधून काढला, स्कॅन केला आणि मोठा केला. मोठा केल्यावर लक्षात आलं की दादा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. त्याची नजर किंचित बाजूला आहे, कुणीतरी तिकडून हाक मारावी तशी. मी आतोबांना उजवीकडे ठेवलं होतं आणि दादाचं बघणं डावीकडे, म्हणजे भावाकडे पाठ फिरवल्यासारखं. मी चित्र उलटं करून घेतलं. आता तो आतोबांकडे बघत होता. स्क्रीनवर मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आमच्या ऑपरेटरनंही पाहिलं. पण मशीनमधून फ्लेक्स बाहेर आला तेव्हा दादा पुन्हा बाहेर बघत होता. ऑपरेटर म्हणाला, “शेठ, तुम्हीच जुनी फाइल दिली असणार.” दिली असेन. दुसऱ्यांदा छापला, तसाच आला. तिसऱ्यांदा छापायला माझा हात धजेना. तेच बॅनर चौकाचौकांत लागले. आत्या बाजारातून येताना एका बॅनरखाली थांबली आणि म्हणाली, “हा यांच्याकडे बघत नाहीये रे.”

प्रचार सुरू झाला. आतोबा पुढं, मी मागं पत्रकं घेऊन. आमच्या वॉर्डाच्या कडेला, टेकडीखाली, एक वाडी आहे. वीटभट्टीवर, बांधकामावर, जिथं रोजंदारी मिळेल तिथं जाणारी माणसं. वाडीच्या मधून नव्या लेआउटचा रस्ता जायचा होता आणि लोकांना आपलं घर जाईल अशी धास्ती होती. अध्यक्षांनी आतोबांना पढवून पाठवलं होतं, “एवढंच सांगा, पक्की घरं बांधून दिल्याशिवाय कुणाला उठवणार नाही. आम्ही सांगितलं तर दगड मारतील. तुमचं ऐकतील.” आतोबांनी ते सरळ मनानं घेतलं. एका झोपडीपुढं ओट्यावर बसून त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या आजीला सांगितलं, “आजी, हा माझ्या दादाचा शब्द समजा. देशासाठी गेलाय तो.”

आजीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “बाकीची लय येतात,” ती म्हणाली. “तुमी फौजीच्या घरचं हाय म्हनून ऐकते.” मग तिनं आत हाक मारून चहा सांगितला. सून तीन कप घेऊन आली. एक आतोबांना, एक मला. तिसरा हातात धरून ती दाराबाहेर बघत उभी राहिली.

“त्यो नाय घ्यायचा?” आजीनं विचारलं.

“कोण?” आतोबा म्हणाले.

“तुमचा पोरगा. कवापासून उनात उबा हाय. बसाय सांगा की त्याला.”

आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. बाहेर रिकामी पायवाट होती, आणि एक कोंबडी. मी हसून काहीतरी बोललो, पण सून काही हसली नाही. तिनं तो कप ओट्याच्या कडेला ठेवला, पाहुण्यासाठी ठेवावा तसा, आणि आत गेली.

परत येताना आतोबा म्हणाले, “म्हातारीला मोतीबिंदू असेल.” मी म्हटलं, “असेल.” सुनेला कसा असेल, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

मग ते वाढतच गेलं. कॉलनीतली एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्याबरोबरचा तो जवान किती शांत आहे हो, हल्लीची मुलं अशी नसतात.” भोंगा लावलेली आमची रिक्षा चालवणारे चाचा जुन्या पनवेलचे, बोलायला मोठे अदबशीर. एका सकाळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “माझं काय चुकलं काय? ते जवान साहेब नाराज हाय का? रोज मागं बसतात, पन सलामाचा जवाब नाय देत.” कॉलनीतली कुत्री, जी उमेदवार दिसला की कोकलायची, ती आतोबांच्या मागून मुकाट चालायला लागली, चालायची तीही मधे एका माणसाची जागा सोडून. घरात आत्याची निराळीच तक्रार. “पीठ तेवढंच घेते रे, मापानं. पण भाकरी एक जास्त होते. तीस-चाळीस वर्षांचा हात आहे माझा, तो कसा चुकेल?” ती उरलेली भाकरी ती सकाळी गायीला घालायची, आणि गाय, आत्या सांगते, तिला तोंड लावायची नाही.

मी हे सगळं भीत भीत अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते एका फोनवर हात ठेवून म्हणाले, “लोकांना दिसतोय? अरे वा! म्हणजे प्रचार पोचतोय.”

आतोबांचं वागणं मात्र बदललं. आधी रिक्षात ऐसपैस बसायचे, ते आता कडेला सरकून बसू लागले. जिना चढताना कुणाला वाट द्यावी तसे अंग चोरायचे. एकदा रस्त्यात चालता चालता ते गर्रकन वळले, माझ्यावरच आदळले. “काय झालं?” मी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, “सगळ्यांना दिसतो. ज्यांचा तो कोण नाही, त्यांना दिसतो. मी वळलो की नसतो. असं कसं रे? मी सख्खा भाऊ हाय ना त्याचा?” चिडले किंवा फार हळवे झाले की त्यांच्या तोंडून आपट्याची भाषा निसटायची. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की ते घाबरलेले नव्हते. ते रुसले होते.

शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांच्या ऑफिसात बसलेलो असताना आतोबांनी विचारलं, वाडीवाल्यांची घरं नक्की कुठं बांधणार? जागा एकदा बघून येतो म्हणाले, म्हणजे लोकांना नीट सांगता येईल. अध्यक्षांनी त्यांच्याकडे अशा कौतुकानं पाहिलं जसं आपण लहान मुलाकडे पाहतो. “जागा कुठली आली मेजरसाहेब? मतदान झालं की रस्ता सुरू. तेव्हाचं तेव्हा बघू. उद्या माइकवर तेवढं दादाची शपथ घेऊन पुन्हा एकदा सांगा, वाडीतनं ट्रक भरून माणसं आणतोय मी.” आतोबा उठले. उठताना टाच जुळवायची त्यांची सवय, ती त्या दिवशी राहून गेली.

सभा दुपारी चारला, मैदानात. मांडवाखाली वाडीची माणसं पुढं बसवली होती, मागं कॉलनीवाले. स्टेजच्या मागं माझाच सगळ्यांत मोठा फ्लेक्स, त्यात दादाचा चेहरा एका खोलीएवढा, बघणं तिसरीकडेच. अध्यक्षांनी ‘वीरांच्या घराण्याचे सुपुत्र’ अशी सुरुवात करून माइक आतोबांच्या हातात दिला. आतोबांनी घसा साफ केला. “माझ्या दादाची,” ते म्हणाले, आणि थांबले. त्यांची नजर खुर्च्यांच्या पलीकडे, मैदानाच्या कडेला कुठंतरी गेली आणि तिथंच राहिली. लोकही मागं वळून बघायला लागले. भोंग्यातून नुसती घरघर येत होती. सगळं मैदान इतकं शांत झालं की मांडवाचं कापड वाऱ्यानं हलायचं तेवढंच ऐकू यायचं. वाडीची आजी पुढच्या रांगेत होती. तिनंही मागं पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, कुणी घरचं माणूस निघालं की बायका ओढतात तसा.

मग आतोबा बोलले, पण तो त्यांचा मेजरचा आवाज नव्हता.

“मी फौजी नाही. माझे तळवे सपाट आहेत, मला घेतलं नाही. मी गोदामात होतो. तुम्ही मेजर म्हणता, मला बरं वाटतं, म्हणून मी गप्प बसतो. दादा गेला तेव्हा मी सातवीत होतो. त्यानं कसली शपथ घेतली, मला ठाऊक नाही. वाडीच्या घरांचं मी सांगितलं ते मला सांगायला सांगितलं होतं. जागा नाही. काहीसुद्धा ठरलेलं नाही. आजी, तुमी माझ्यावर इश्वास ठेवू नका.”

एवढं बोलून ते खाली बसले. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता दगड येतील.

आल्या त्या टाळ्या. आधी मागून कुणीतरी एक, मग सगळं मैदान. ‘बघा, ह्याला म्हणतात फौजी बाणा!’ ‘असं तोंडावर खरं बोलायची छाती दुसऱ्या कुणाच्या घरात आहे?’ अध्यक्षांचा चेहरा आधी पांढऱ्या बुटांसारखा झाला होता, तो हळूहळू उजळला, आणि त्यांनी माइक ओढून घेऊन आरोळी ठोकली, “शहिदाचं रक्त खोटं बोलत नाही!” आतोबा हात जोडून ‘नाही हो, नाही हो’ म्हणत होते. तो विनय समजला गेला. ते अशा मतांनी निवडून आले की समोरच्या उमेदवारानं येऊन त्यांना सॅल्यूट केला.

पेढे वाटले गेले तेव्हा आतोबा आतल्या खोलीत बसून होते. मला म्हणाले, “खरं सांगितलं तरी मतं दादालाच पडली रे.”

वाडी अजून आहे. किती दिवस राहील, सांगता येत नाही. आतोबा महापालिकेच्या प्रत्येक सभेत, विषय गटाराचा असो वा दिव्यांचा, उठून एकच विचारतात, “वाडीच्या घरांची जागा कुठं?” सगळे कंटाळलेत, पण त्यांना गप्प करायची कुणाची हिंमत होत नाही, पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायला तेच लागतात. अध्यक्ष त्यांना टाळतात. सभेनंतर त्यांच्यासोबतचा तो मुलगा कुणाला दिसल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. रिक्षावाले चाचा मला म्हणाले, “ते साहेब ड्युटीवर परत गेले असनार.” आत्याच्या भाकऱ्या मापात होऊ लागल्या. त्यावर ती खूश होईल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, “घर कसं मोकळं मोकळं लागतं.”

गेल्या महिन्यात आतोबांना आपट्याला घेऊन गेलो होतो. देवाचं काही होतं, ते उरकलं आणि आम्ही पाताळगंगेच्या काठी जाऊन बसलो. आतोबांनी बूट काढले, आणि ते सपाट, बदनाम तळवे पाण्यात सोडले. बराच वेळ नदीकडे बघून ते म्हणाले, “आता असता तर पंच्याहत्तरीच्या पुढं असता. टक्कल पडलं असतं, आमच्याकडे सगळ्यांना पडतं. गुडघे दुखतात म्हणून कटकट केली असती. मला म्हणाला असता, हा डॉक्टर चांगला नाही, दुसरा बघ.” त्यांना ते बोलताना फार बरं वाटत होतं. दादाला त्यांनी कानाचं यंत्र लावलं, मधुमेह दिला, सुनेशी भांडायला लावलं.

मी विचारलं, “आतोबा, त्या दिवशी स्टेजवरून तुम्ही कुठं बघत होता?”

“दिसला,” ते म्हणाले. “खुर्च्यांच्या मागनं चालला होता. रस्त्याकडे.”

“तुमच्याकडे बघितलं?”

“नाही. पाठच दिसली.”

“मग तोच कशावरून?”

आतोबा माझ्याकडे बघून हसले. “अरे, शाळेत मला सायकलवर घेऊन जायचा. तो पुढं, मी मागं. सगळं लहानपण त्याच्या पाठीकडे बघत गेलं माझं. तोंड मला त्या फोटोमुळं आठवतं. पाठ मी अशीच ओळखतो.”

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. मी स्कूटर काढली, आतोबा मागं बसले. एरवी ते मागं बसले की ‘डावीकडून घे, हॉर्न दे’ चालू असतं. त्या दिवशी काही बोलले नाहीत. कर्नाळ्याची वळणं सुरू झाली आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला; थोड्या वेळानं माझ्या पाठीला त्यांचं कपाळ टेकल्यासारखं वाटलं. झोपले असतील म्हणून मी वेग कमी केला, आणि पनवेलचे दिवे दिसेपर्यंत तसाच हळूहळू चालवत राहिलो.